नकाशा कोणी काढला?

'हॅरी पॉटर'चा तिसरा सिनेमा, 'प्रिझनर ऑफ अझ्काबान', २००४ साली आला आणि चाहत्यांत पडलेली फूट अजून सांधलेली नाही. पहिले दोन सिनेमे ख्रिस कोलंबसचे, पुस्तकाचं बोट धरून चालणारे. तिसरा मेक्सिकोच्या अल्फोन्सो क्वारोनकडे गेला. त्याने मुलांना झग्यांतून काढून जीन्समध्ये आणलं. पुस्तक आधीच्यापेक्षा जाड, सिनेमा मात्र १६१ मिनिटांवरून १४२ वर!

कात्री लागली ती नेमकी दुखऱ्या जागी. जादूचा नकाशा हॅरीच्या हाती येतो. पण तो काढणारे मूनी, वर्मटेल, पॅडफुट आणि प्राँग्ज म्हणजे कोण, हे सिनेमा सांगतच नाही. प्राँग्ज म्हणजे हॅरीचे वडील, हरणाचं रूप घेणारे. हे ठाऊक नसेल तर शेवटी येणारं ते हरीण म्हणजे नुसता देखणा उजेड.

आठ सिनेमांत सगळ्यात कमी कमाई याचीच. समीक्षकांचा मात्र लाडका. स्वतः रोलिंगबाईंनाही आवडलेला.

मी पुस्तकवाला. दादाने पुस्तक उघडलेलंही नव्हतं. बाबा गेले त्या वर्षी आम्ही हा सिनेमा टीव्हीवर पाहिला आणि मी सवयीने नकाशाचं रडगाणं लावलं. दादा म्हणाला, "तळ्याकाठी तो बापाची वाट बघतो. कोणी येत नाही. मग स्वतःच कांडी उचलतो. अजून काय सांगायचं होतं तुला?"

मी गप्प बसलो. तरी ल्युपिनच्या तोंडी एक वाक्य चाललं असतं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.