पिंजऱ्याचा सांधा

पिठाच्या गिरणीची किंवा विहिरीवरच्या पंपाची मोटर जळाली म्हणजे स्टेटरचं वायंडिंग जळालं, असंच सगळे धरून चालतात. रिवायंडिंगवाला काळ्या पडलेल्या कॉइली तोडून काढतो, नव्या भरतो, वार्निश पाजून सुकवतो. रोटर तोवर दुकानाच्या कोपऱ्यात पडून असतो आणि बेअरिंग बदललं की जसाच्या तसा आत जातो. त्याला ना वायर जोडलेली, ना ब्रश, ना कॉम्युटेटर. पातळ पोलादी स्टॅम्पिंगची चळत, तिच्या खाचांत बसलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे बार, आणि दोन्ही टोकांना त्या सगळ्या पट्ट्यांना एकत्र बांधणारी दोन कडी. स्टॅम्पिंग वगळून नुसता धातू डोळ्यांसमोर आणला तर खारीला पळायला ठेवतात तसा फिरता पिंजरा दिसतो, म्हणून स्क्विरल केज रोटर. याचं कूळ सव्वाशे वर्षांहून जुनं आहे, आणि त्यात पिढ्यान्पिढ्या छळणारी जागा एकच: बार कड्याला मिळतो तो सांधा.

मूळ पुरुष शोधायचा तर फ्रान्समध्ये जावं लागतं. 1824 मध्ये फ्रांस्वा अरागोला दिसलं की तांब्याची चकती फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसूचीही तिच्यामागे फिरू लागते. तांबं तर चुंबकाला ओढत नाही, मग हे कसं? उत्तर फॅरडेने 1831 च्या प्रयोगांतून दिलं: चकतीत प्रवाह निर्माण होतात. मात्र यातून मोटर व्हायला आणखी अर्धं शतक जावं लागलं.

तुरीनचे प्राध्यापक गॅलिलिओ फेरारिस यांनी 1885 मध्ये, एकमेकांच्या मागेपुढे असणारे दोन प्रवाह वापरून, फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार केलं आणि त्यात तांब्याचं नळकांडं फिरवून दाखवलं. मार्च 1888 मध्ये त्यांनी हे काम तुरीनच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं, पण सोबत निष्कर्षही जोडला की असली मोटर उद्योगाच्या कामाची नाही. त्यांचं गणित चुकलेलं नव्हतं. रोटर क्षेत्रापेक्षा जितका मागे पडतो, म्हणजे जितकी स्लिप, शक्तीचा तितकाच हिस्सा रोटरमध्ये उष्णता होऊन वाया जातो. त्यांच्या यंत्रातून सर्वांत जास्त शक्ती मिळत होती ती निम्म्या वेगाला. म्हणजे निम्मी शक्ती उष्णतेत. मला हे प्रकरण फार लागतं. ज्याने फिरतं क्षेत्र उभं केलं, त्यानेच प्रामाणिकपणे हिशोब करून त्याच्यावर पडदा टाकला. त्याच वर्षी मे महिन्यात निकोला टेस्ला यांना अमेरिकेत अशाच मोटरीची पेटंट मिळाली. त्यांच्या रोटरमध्ये लोखंडी गाभ्यावर स्वतःतच बंद केलेली वायरची वेटोळी होती.

पिंजरा आला तो बर्लिनच्या एईजी कंपनीतून. मिखाईल डोलिवो-डोब्रोवोल्स्की जन्माने रशियन साम्राज्यातले, सेंट पीटर्सबर्गजवळच्या गाचिना गावचे, आणि शिकले जर्मनीत डार्मस्टाटला. फेरारिस यांचा निबंध वाचल्यावर त्यांचं लक्ष नेमकं गोम कुठे आहे तिथे गेलं. तांब्याच्या नळकांड्यातून वीज छान वाहते, पण चुंबकीय क्षेत्राला ते दाद देत नाही, लोखंडाचं उलट. मग लोखंडाच्या नळकांड्यात काठालगत भोकं पाडावीत, त्यांत तांब्याच्या कांड्या ठोकाव्यात आणि दोन्ही टोकांना तांब्याच्या कड्यांनी त्या जोडून टाकाव्यात. लोखंडाने क्षेत्र वाहायचं, तांब्याने प्रवाह. रोटरचा रोध इतका उतरला की तो क्षेत्राच्या जवळजवळ वेगाने पळू लागला. मार्च 1889 मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. आज चार पोलच्या मोटरच्या पाटीवर 1500 ऐवजी 1440 आरपीएम छापलेलं दिसतं, त्यातली 60 फेऱ्यांची तूट म्हणजे 4 टक्के स्लिप. फेरारिसच्या 50 टक्क्यांवरून इथपर्यंतची मजल त्या कांड्यांनी आणि कड्यांनी मारली. दोनच वर्षांनी लाउफेनहून 175 किलोमीटर तारांवरून आलेल्या तीन फेज विजेवर फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात 100 अश्वशक्तीची मोटर पंप चालवून धबधबा पाडत होती.

पण कमी रोधाचा पिंजरा सुरू होताना अडतो. उभ्या रोटरला पूर्ण क्षेत्र कापत असतं, प्रवाह पाच ते सात पट चढतो आणि तरीही जोर कमीच मिळतो. डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी स्वतःच त्यावर वायंडिंगचा रोटर, स्लिप रिंग आणि बाहेरून घालायचा रोध हा उपाय काढला. क्रेन आणि मोठ्या गिरण्यांत तो वर्षानुवर्षं चालला, मात्र ब्रश परत आले. फ्रान्सच्या पॉल बूशरो यांनी जास्त देखणी तोड काढली: एकाखाली एक दोन पिंजरे. सुरुवातीला रोटरमधला प्रवाह 50 हर्ट्झचा असतो, तो वरच्या, जास्त रोधाच्या पिंजऱ्यात ढकलला जातो आणि जोर देतो. वेग घेतल्यावर रोटरमधली वारंवारता एक-दोन हर्ट्झवर येते आणि प्रवाह आपोआप खालच्या जाड पिंजऱ्यात उतरतो. पुढे एकच खोल, अरुंद बार घालून तेच काम साधलं.

इथूनच मजबुतीचा प्रश्न ऐरणीवर आला. बिनभाराची मोटर वेग घेते तेव्हा फिरत्या वस्तुमानात जितकी गतिज ऊर्जा साठते, जवळजवळ तितकीच उष्णता पिंजऱ्यात ओतली जाते, तीही काही सेकंदांत. बार तापतो, स्टॅम्पिंग अजून थंडच असतं. बारचा माथा बुडापेक्षा जास्त तापतो, म्हणून बार कमानीसारखा वाकू पाहतो. कडं बाहेरच्या बाजूला फुगतं आणि बारची टोकं ओढतं. हा सगळा ताण येऊन बसतो तो सांध्यावर. मोटर थंड झाली की ताण उलटा. मोठ्या मोटरवर तासाला किती वेळा सुरू करायची याची मर्यादा घालतात ती याचसाठी. एक बार सुटला की त्याचा वाटा शेजारच्या बारांवर पडतो, ते जास्त तापतात आणि मग एकामागून एक तुटत जातात.

तुटलेला बार ओळखण्याची जुनी रीत पाहण्यासारखी आहे. रोटर ग्राउलरवर, म्हणजे एसीवर चालणाऱ्या विद्युतचुंबकावर, ठेवतात आणि करवतीचं पातं हलक्या हाताने एकेका खाचेवर धरत रोटर फिरवतात. शाबूत बारवर पातं थरथरतं, तुटलेल्यावर गप्प बसतं. चालू मोटरमध्ये भारावर अँमीटरचा काटा संथ लयीत डोलू लागतो. आता प्रवाहाचा वर्णपट काढतात: 50 हर्ट्झच्या दोन बाजूंना, स्लिपच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे 4 टक्के स्लिप असेल तर 46 आणि 54 ला, उंचवटे आले की पिंजरा दुखावला आहे.

सांध्याचा सर्वांत यशस्वी इलाज म्हणजे सांधाच न ठेवणं. स्टॅम्पिंगची चळत साच्यात ठेवायची आणि वितळलेलं अॅल्युमिनियम दाबाने आत मारायचं. बार, दोन्ही कडी, पंख्याची पाती सगळं एकाच ओतात. 660 अंशांना वितळणारा हलका धातू, पोलादी साच्याला सोसवणारा. लहान आणि मध्यम मोटर स्वस्त झाली ती या ओतकामामुळे, आणि माझ्या मते डोलिवो-डोब्रोवोल्स्कीनंतर या घराण्यावर सर्वांत मोठं ऋण त्या ओतकामाचंच आहे. दोष म्हणजे आत राहणारे हवेचे बुडबुडे आणि तांब्याच्या तुलनेत साठ-पासष्ट टक्केच वाहकता. मोठ्या मोटरी त्यामुळे तांब्याच्या बारांवर आणि ब्रेझिंगवरच, म्हणजे सांध्यात दुसरा धातू वितळवून केलेल्या जोडावरच, राहिल्या.

मग तांबंच का ओतू नये? कारण ते 1085 अंशांना वितळतं आणि नेहमीच्या पोलादाचे साचे थोड्याच ओतांत तडकतात. अमेरिकेतल्या कॉपर डेव्हलपमेंट असोसिएशनने 1990 च्या दशकाच्या अखेरीस हा प्रश्न हाती घेतला. निकेलच्या मिश्रधातूचे साचे वापरायचे आणि ओतण्याआधी ते सहाशे अंशांच्या वर तापवून ठेवायचे, म्हणजे प्रत्येक ओताला बसणारा धक्का कमी होतो. जर्मनीत एसईडब्ल्यू-युरोड्राइव्हने ओतीव तांब्याच्या रोटरच्या मोटरी बाजारात आणल्या. आपल्याकडे हैदराबादच्या एनएफटीडीसी या संशोधन केंद्रात असे रोटर ओतण्याची सोय उभी राहिली.

तोवर वेगाने सगळी मापं बदलून टाकली होती. विजेची वारंवारता हवी तशी बदलणारा इन्व्हर्टर आला आणि मोटर 50 हर्ट्झच्या खुंट्यापासून सुटली. मुंबईच्या लोकलमध्ये 2007 पासून सीमेन्सची यंत्रणा असलेले रेक आले, तेव्हा ब्रशवाल्या डीसी मोटरींच्या जागी पिंजऱ्याच्या मोटरी धावू लागल्या. मोटारगाडीत तर मोटर लहान हवी, म्हणून वेग जास्त हवा. साडेसात सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर 1440 आरपीएमला काठाचा एक ग्रॅम धातू पावणेदोनशे ग्रॅमच्या ओढीने बाहेर खेचला जातो. तोच रोटर 16,000 आरपीएमला फिरवला तर तो एक ग्रॅम सुमारे 21 किलोच्या ओढीने खेचला जातो. स्टॅम्पिंगच्या खाचेत बसलेल्या बारला तिच्या ओठांचा आधार असतो. बाहेर निघालेलं कडं मात्र उघडंच असतं. शिवाय तांबं अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड आणि ब्रेझिंगच्या उष्णतेने मऊ पडलेलं.

टेस्ला मोटर्सच्या एका पेटंटमध्ये यावर काढलेली तोड मला फार आवडते. अख्खं कडं ब्रेझ करण्याऐवजी दोन बारांच्या टोकांमधल्या फटीत तांब्याचे गुटके बसवायचे आणि गुटका व बार जिथे भिडतात तेवढीच जागा इलेक्ट्रॉन बीमने जोडायची. उष्णता नेमकी तेवढ्याच रेषेत उतरते, बाकीचं तांबं कडक राहतं. बार आणि गुटके मिळूनच कडं तयार होतं. वरून ते आवळून धरणारं मजबूत वलय घट्ट बसवायचं, म्हणजे बाहेरची ओढ तांब्याऐवजी वलय सोसतं.

दुसरी वाट मिश्रधातूची. तांब्यात क्रोमियम आणि झिर्कोनियम अगदी थोडं घातलं तर ते तापल्यावरही ताकद टिकवतं, पण वाहकता घटते. वाहकता घटली की स्लिप वाढते आणि फेरारिसचा हिशोब पुन्हा लागू होतो: वाढलेली स्लिप तितकीच उष्णता घेऊन येते. म्हणून अतिवेगाच्या रोटरमध्ये बार शुद्ध तांब्याचा ठेवून फक्त कडं मिश्रधातूचं करतात, आणि मग सांधा जोडायचा असतो तो दोन वेगळ्या स्वभावांच्या तांब्यांचा.