फलक नसला तरी मनाई असतेच!

रत्नागिरीहून काळबादेवीमार्गे गणपतीपुळ्याकडे जाणारा किनारी रस्ता आरे आणि वारे या गावांच्या परिसरात डोंगराच्या कडेने वळणे घेत चढतो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि खाली वाळूचे दोन लांब पट्टे, असे दृश्य वळणावरून अचानक समोर येते. साहजिकच पर्यटकांच्या गाड्याही तेथेच थांबतात. हटकल्यावर दिले जाणारे उत्तर ठरलेले असते, ‘येथे नो पार्किंगचा फलक कुठे आहे?’ कायद्याच्या दृष्टीने हा बचाव टिकणारा नाही. वाहन कोठे उभे करू नये, हे फलकाबरोबरच रस्त्याच्या रचनेवरून आणि त्यावर रंगवलेल्या पट्ट्यांवरूनही ठरते. गेल्या काही वर्षांत या विषयीच्या नियमांत बरेच बदल झाले असून शहरातून कोकणात येणाऱ्या वाहनचालकांनी ते समजून घेणे आवश्यक आहे.

नियमांची वाटचाल

देशातील रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती. तिच्या शिफारशींतून पुढे १९३४ मध्ये ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही संस्था स्थापन झाली. रस्त्यावरील फलक आणि पट्टे कसे असावेत, याची मानके हीच संस्था ठरवते. पट्ट्यांविषयीची संहिता १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९९७ व २०१५ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. फलकांची संहिता १९७७ ची. तिच्या सुधारित आवृत्त्या २००१, २०१०, २०१२ आणि २०२२ मध्ये निघाल्या.

या तांत्रिक मानकांच्या जोडीला मोटार वाहन कायदा, १९८८ आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीत वाहतूक चिन्हांचे नमुने दिलेले आहेत. चालकांनी पाळावयाचे नियम १९८९ मध्ये ‘रस्ता वापराचे नियम’ या नावाने लागू झाले. जून २०१७ मध्ये केंद्र सरकारने ते रद्द करून त्यांच्या जागी मोटार वाहन चालनविषयक नवे नियम आणले.

वळण हाच फलक

१९८९ च्या नियमांनी पार्किंगसाठी निषिद्ध ठिकाणांची यादीच दिली होती. चौक, वळण, चढाचा माथा, उंचवट्याचा पूल, पदपथ, झेब्रा क्रॉसिंगजवळची जागा, बसथांबा, शाळा व रुग्णालयाचे प्रवेशद्वार, उभ्या असलेल्या दुसऱ्या वाहनाच्या समोर किंवा बरोबरीने, तसेच वाहतूक चिन्ह झाकले जाईल अशी जागा यांचा त्यात समावेश होता. २०१७ च्या नियमांनी हा आशय कायम ठेवून त्याची मांडणी अधिक तपशीलवार केली.

या यादीतील बहुतेक ठिकाणी फलकाची वाट पाहण्याचे कारण नाही. आरे-वारेच्या घाटवळणावर थांबलेली गाडी समोरून येणाऱ्या चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. मागून येणाऱ्या गाडीला तिला वळसा घालण्यासाठी उजवीकडच्या, म्हणजेच समोरून येणाऱ्या वाहनांच्या मार्गिकेत शिरावे लागते. कायद्याचे कलम १२२ धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा स्थितीत सार्वजनिक जागी वाहन ठेवण्यास मनाई करते. त्यासाठी फलकाची अट नाही.

फलकांची भाषा

निळ्या वर्तुळाला लाल कडा आणि त्यावर एक तिरकी लाल रेघ असेल, तर तेथे वाहन उभे करून ठेवण्यास मनाई असते. दोन रेघा एकमेकींना छेदत असतील, तर थांबण्यासही मनाई असते. ‘दोन मिनिटे फोटो काढून निघतो’ ही सबब तेथे चालत नाही. निळ्या पाटीवरील पांढरे ‘पी’ हे अक्षर पार्किंगची जागा दाखवते. मुख्य चिन्हाखालच्या लहान पाटीवर वेळ, अंतर किंवा वाहनाचा प्रकार लिहिलेला असतो आणि ती पाटी मुख्य चिन्हाइतकीच महत्त्वाची असते. पुण्या-मुंबईच्या वाचकांना परिचित असलेले ‘पी-१’ आणि ‘पी-२’ हे फलक सम-विषम तारखांनुसार रस्त्याची कोणती बाजू खुली, हे सांगतात. एकदा दुसऱ्या बाजूला उभी केलेली गाडी रात्री बारानंतर नियमभंग करणारी ठरू शकते, ती यामुळेच.

पट्ट्यांचा अर्थ

रस्त्याच्या मध्यभागी तुटक पांढरी रेषा असेल, तर समोरचा रस्ता मोकळा असल्याची खात्री करून ती ओलांडता येते. अखंड रेषा ओलांडता येत नाही. दृष्टीचा टप्पा कमी असलेल्या वळणांवर ती आखली जाते. जेथे मागच्याला रेषा ओलांडता येत नाही, तेथे पुढच्याने वाटेत उभे राहणे म्हणजे मागच्याला नियम मोडायला लावणे होय. म्हणूनच अखंड रेषा असलेल्या ठिकाणी पार्किंगची मनाई १९८९ च्या नियमांतच घातलेली होती. रस्त्याच्या कडेने ओढलेली अखंड पिवळी रेषा पार्किंगबंदी दर्शवते. कठड्याच्या दगडांवरील काळे-पांढरे पट्टे मात्र केवळ ती कड रात्री नीट दिसावी यासाठी असतात.

हे पट्टे तापवून वितळवलेल्या थर्मोप्लास्टिक रंगाने आखले जातात. रंगात मिसळलेल्या काचेच्या बारीक मण्यांमुळे ते दिव्याच्या झोतात चमकतात. कोकणातील मुसळधार पाऊस, वाऱ्याने रस्त्यावर येणारी वाळू आणि समुद्राची खारी हवा यांमुळे पट्टे झिजतात व फलकांच्या खांबांना गंज चढतो. त्यामुळे किनारी रस्त्यावर पट्टे एकदा आखून भागत नाही, पावसाळ्यानंतर ते पुन्हा पाहावे लागतात.

अधिकार कोणाचा?

वाहतूक फलक उभारण्याचा अधिकार कलम ११६ अन्वये राज्य सरकारला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेला आहे. वाहनतळाची जागा निश्चित करताना कलम ११७ प्रमाणे स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करावा लागतो. आरे-वारेसारख्या ठिकाणी ती संस्था म्हणजे ग्रामपंचायत. जिल्ह्यातील वाहतुकीचे नियमन करण्याचे अधिकार महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३३ अन्वये जिल्हा दंडाधिकाऱ्यांनाही आहेत. सणासुदीच्या गर्दीत वाहनांवर तात्पुरते निर्बंध घालायचे असतील आणि त्यांची मुदत एक महिन्यापेक्षा अधिक नसेल, तर कलम ११५ प्रमाणे राजपत्रातील अधिसूचना आवश्यक नसते. मात्र स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते.

याचा दुसरा अर्थ असा की, दुकान, बंगला किंवा हॉटेलपुढे मालकाने स्वतः रंगवलेल्या ‘नो पार्किंग’च्या पाटीला वाहतूक चिन्हाचा दर्जा नसतो. प्रवेशद्वार अडवण्यास मनाई आहे, ती नियमामुळे. अधिकृत फलक काढणे, त्यात फेरफार करणे किंवा तो विद्रूप करणे हा मात्र गुन्हा आहे.

दंड आणि जबाबदारी

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १७७ खालील सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी १०० रुपयांवरून ५०० रुपयांपर्यंत, तर पुन्हा गुन्हा केल्यास ३०० वरून १,५०० रुपयांपर्यंत वाढला. महाराष्ट्रात वाढीव दराची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. पार्किंगला मनाई असलेल्या जागी उभे केलेले किंवा दहा तासांहून अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकारी कलम १२७ नुसार हलवू शकतो. ते धोकादायक स्थितीत असेल, तर तत्काळ. ओढून नेण्याचा खर्च मालकाच्या माथी येतो.

याच दुरुस्तीने कलम १९८-अ दाखल करून जबाबदारीची दुसरी बाजूही मांडली. रस्त्याचे आरेखन, बांधकाम किंवा देखभाल सुरक्षेच्या मानकांनुसार न झाल्याने कोणाचा मृत्यू ओढवला किंवा कोणाला अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा वा कंत्राटदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

जागेचा पेच

मनाई करायची, तर गाड्या उभ्या करण्यासाठी जागा हवी. किनाऱ्यावर ती सहज मिळत नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनुसार वाळूच्या टेकड्यांत फेरफार करण्यास बंदी आहे. त्यामुळे वाळू सपाट करून वाहनतळ आखणे हा मार्ग उरत नाही. वळणापासून दूर, रस्त्याच्या आतल्या बाजूला जागा निवडणे आणि तेथपर्यंत नेणारे ‘पी’ फलक पुरेसे आधी लावणे, हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय ठरतो.

या प्रश्नाला जिवाचीही बाजू आहे. आरे-वारेच्या समुद्रात जुलै २०२५ मध्ये चार जणांचा बुडून मृत्यू झाला. अशा प्रसंगी रुग्णवाहिका आणि मदत पथके याच अरुंद रस्त्याने येतात. गावातील आजारी माणसाला रत्नागिरीला नेणारी गाडीही याच रस्त्याने जाते. वळण मोकळे ठेवून पुढे रुंद जागी गाडी उभी करायची आणि चार पावले चालत मागे यायचे, एवढा संयम पर्यटकांनी दाखवला, तरी ही वाट सर्वांसाठी खुली राहील.