लाल डोऱ्याच्या आतले मुनिरका

मुनिरका गावातल्या गल्लीत उभे राहून वर पाहिले, तर आकाशाची चिंचोळी पट्टी तेवढी दिसते. जवळच वसंत विहारचे बंगले आणि सावलीचे रस्ते! हा फरक निव्वळ पैशाचा, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. माझ्या मते त्याचे मूळ नकाशावरच्या एका रेघेत आहे.

१९०८ च्या जमीन बंदोबस्तात महसूल खात्याने दिल्लीच्या खेड्यांतील वस्तीभोवती लाल रेघ आखली. आत घरे-गोठे, बाहेर सारा भरणारी शेती. हाच 'लाल डोरा'. आपल्याकडचे गावठाण म्हणा ना! तेव्हा प्रश्न फक्त शेतसाऱ्याचा होता. घरे कशी बांधावीत हे त्या रेघेने ठरवावे, असे कुणाच्या मनातही नव्हते.

फाळणीनंतर शहर निर्वासितांनी भरून गेले. १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि १९६२ मध्ये पहिला बृहत् आराखडा लागू झाला. त्यासाठी फोर्ड फाउंडेशनने अल्बर्ट मेयर यांच्यासारखे तज्ज्ञ पाठवले होते. निवासी, व्यापारी, औद्योगिक, हरित असे जमिनीचे वापर ठरले. मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्यापासून नगररचना योजनेत मूळ मालकाला तिथेच नव्या आखणीचा भूखंड मिळे. दिल्लीने मात्र शेते सरसकट संपादन केली. मुनिरक्याच्या शेतांवर रामकृष्णपुरम, वसंत विहार, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ उभे राहिले. गाव तेवढे रेघेच्या आत राहिले आणि १९६३ मध्ये अशा वस्त्यांना इमारतीचा नकाशा मंजूर करून घेण्यापासून सूट मिळाली.

शेत गेल्यावर भाडे हेच पीक झाले. मजल्यावर मजले चढले. आराखड्यात अधिकाऱ्यांना वसाहती होत्या, सोसायट्यांना भूखंड होते. नव्याने आलेल्या कारकुनाला किंवा विद्यार्थ्याला परवडेल अशा एका खोलीचा विचार फारसा नव्हता. ती खोली मुनिरक्याने दिली. नोकरीनिमित्त आलो तेव्हा मीही तिथेच राहिलो. स्वयंपाकघर म्हणजे कोपऱ्यातला स्टोव्ह, पण कचेरी जवळ!

म्हणून '२००६ सारखी मोहीम गावातही काढा' असे कुणी म्हटले की मला धास्ती वाटते. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवासी भागांतील दुकानांना सील लागले होते. पुढे २००७ च्या आराखड्याने मिश्र वापराला बरीच वाट दिली. पण सूट म्हणजे नियोजन नव्हे, हेही तितकेच खरे. अरुंद गल्लीत अग्निशमन बंब शिरत नाही, खालच्या मजल्यावर दिवसाही दिवा लागतो. गल्लीची रुंदी, जिने आणि पाणी यांचा आराखडा गावासाठी वेगळा व्हायला हवा, आणि तो करताना घरमालकाबरोबर भाडेकरूलाही विचारायला हवे. आग लागली तर वरच्या खोलीत तोच अडकणार आहे.