पिल्लू उचलण्याची रीत

पाखरू माणसाळवायचे तर ते पिल्लू असतानाच आईबापांपासून तोडले पाहिजे, ही समजूत आपल्याकडे फार मुरली आहे. राघू पाळण्याच्या जुन्या रीतीतून ती आली आणि आज लव्हबर्डच्या पिंजऱ्यातही तशीच चालू आहे. पक्षी बदलला, कायदा बदलला; पिल्लू उचलणे मात्र सुटले नाही. एके काळी त्याला निदान कारण होते. आता तेही उरलेले नाही.

पोपटाला शिकवणे ही आपल्याकडे जुनी विद्या. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये शुक-सारिकांना बोलायला शिकवणे ही एक कला आहे. मराठी घरांतही राघू आला तो बोलण्यासाठीच. पेरूची फोड, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची द्यायची आणि ‘विठू विठू’ त्याच्या तोंडी बसवायचे. पण हा राघू पिंजऱ्यात जन्मलेला नसे. झाडाच्या ढोलीतून पुरती पिसेही न फुटलेली पिल्ले काढून बाजारात आणली जात, कारण वाढलेला राघू बिथरतो, चावतो आणि सहसा बोलत नाही. हा व्यवहार क्रूर होता, तरी त्याच्यापुरता तर्क त्यात होता: आईबाप रानात, माणूस गावात, मग माणसाची सवय लावायला दुसरी वाट कुठली? 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1990-91 मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर आलेली बंदी यांनी ही वाट कागदोपत्री बंद केली. चोरटी विक्री थांबली नाही; पण उघड दुकानांत राघूची जागा परदेशी पक्ष्यांनी घेतली.

त्यांतला लव्हबर्ड आफ्रिका आणि मादागास्करचा. त्याच्या नऊ जाती आहेत. नामिबिया-अंगोलाच्या कोरड्या मुलखातला गुलाबी तोंडाचा आणि टांझानियातला फिशर या जाती पाळणाऱ्यांच्या विशेष आवडीच्या. फिशर 1980च्या दशकातही रानातून पकडून मोठ्या संख्येने परदेशी पाठवला जाई. गुलाबी तोंडाचा मात्र पिंजऱ्यात इतका सहज वाढू लागला की 2005 मध्ये ‘साइटीस’ या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रण-यादीतून तो वगळला गेला. म्हणजे आता पिल्लाचे आईबाप त्याच पिंजऱ्यात, हाताच्या अंतरावर असतात. तरीही दोन-तीन आठवड्यांचे पिल्लू उचलून चमच्याने किंवा सिरिंजने भरवले जाते आणि ‘हाताळलेले’ म्हणून जास्त दराने विकले जाते.

पिल्लू उचलू नये म्हटले की पहिला आक्षेप अनुभवी पाळणाऱ्यांचा असतो: आईबापांनी वाढवलेला पक्षी हाताला येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 1999 मध्ये याचे उत्तर दिले. अॅमेझॉन पोपटांची पिल्ले त्यांनी आईबापांकडेच ठेवली, रोज थोडा वेळ हाताळली आणि परत घरट्यात सोडली. ती माणसाळली. अॅमेझॉन वेगळा आणि चावरा लव्हबर्ड वेगळा, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे; विणीच्या दिवसांत लव्हबर्डची मादी चांगलीच चावते. पण चमच्याने वाढवलेली मादीही वयात आली की चावतेच. आणि हा पक्षी मोठेपणी शिकतच नाही असेही नाही. गुलाबी तोंडाची मादी कागदाच्या लांब पट्ट्या चोचीने कातरते आणि पाठीमागच्या पिसांत खोचून घरट्याकडे नेते. फिशर त्या चोचीत धरून नेतो. कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिल्गर यांनी दोघांचा संकर केला, तेव्हा संकरित पक्षी पट्टी पिसांत खोचू पाहत आणि ती गळून पडे. ती चोचीतून न्यायला ते काही वर्षांत शिकले, तेही मुख्यतः स्वतःच्या खटपटीतून. मला हा पुरावा मोलाचा वाटतो: उपजत सवयही सरावाने वळते, फक्त वेळ द्यावा लागतो.

वेळ द्यायचा तो असा. पिल्लू स्वतः दाणे टिपू लागेपर्यंत आईबापांकडे राहू द्यावे. मग राळ्याचे कणीस हातात धरून पिंजऱ्याच्या दारात स्थिर थांबावे, पक्ष्याचा पाठलाग करू नये. तो आपणहून आला की पुढच्या दिवसांत बोट त्याच्या पोटाशी हलकेच टेकवावे, म्हणजे तो बोटावर चढतो. यात काही आठवडे जातात. लव्हबर्ड घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला एवढेच विचारा, की पिल्लू आईबापांकडे होते का आणि स्वतः खाते का. उत्तर नाही असेल, तर ते विकत घेऊ नका.