मेणाची वडी

डोंबिवली-कल्याणहून परळकडे निघालेल्या गाडीत एखादा प्रवासी आपली पिशवी वरच्या फळीवर ठेवीत नाही. मांडीवर धरून बसतो. तीत काचपट्ट्या असतात आणि मेणाच्या चिमुकल्या वड्या. घरच्या कुणाच्या तरी गाठीचा तुकडा त्या मेणात जपलेला असतो.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी गाठीबरोबर माणसाची राहणीही तपासली. धोतर कमरेला काचते तेथे होणारा कर्करोग त्यांनी १९४५ मध्ये नोंदवला! सवयीचा प्रश्न रास्तच होता. तंबाखूने तो पुरता खरा केला आहे. पण आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या फुप्फुसात गाठ निघाली, तेव्हा त्याच प्रश्नाची कुजबूज झाली. बाईंनी उभ्या जन्मात विडी पाहिली असेल तेवढीच.

योगायोग पाहा, १९४१ सालीच अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी प्रतिद्रव्याला चमकणारा रंग जोडला. प्रतिद्रव्य ठरावीक प्रथिनालाच चिकटते. म्हणजे रंग दिसला की प्रथिन सापडले. आज वडीचा पातळ काप काढून असाच 'एएलके' प्रथिनाचा शोध घेतात. हे प्रथिन १९९४ मध्ये लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगात सापडले होते. फुप्फुसाच्या गाठींत त्याचा हात आहे, हे जपानच्या हिरोयुकी मानो यांनी २००७ मध्ये दाखवले. दुसऱ्या रंगसूत्राचा एक तुकडा उलटा बसतो, दोन जनुके जुळतात आणि निजलेले प्रथिन जागे होते. फुप्फुसाच्या शंभर कर्करोगांत अशा गाठी जेमतेम तीन ते पाच. त्यांतही धूम्रपान न करणारे पुष्कळ. निरोगी फुप्फुसात हे प्रथिन नसतेच, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी रंग उठून दिसतो.

एवढ्या थोड्यांसाठी खटाटोप का? तर २०११ मध्ये अमेरिकेत क्रिझोटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. पुढे तिच्याहून सरस गोळ्या आल्या. रोग समूळ जातो असे नाही, पण कित्येकांना वर्षे मिळतात. मात्र तुकडा आधीच्या तपासण्यांत संपला, तर पुन्हा सुई टोचणे आले.

बाईंच्या काचपट्टीवर तपकिरी रंग उमटला. गोळीची किंमत विचारण्याआधी त्यांनी विचारले, "म्हणजे माझ्या हातून काही घडलं नव्हतं ना?"

"नाही," डॉक्टर म्हणाले आणि गोळी कधी घ्यायची ते सांगू लागले.