चुन्याच्या निवळीची कुळकथा

प्रवाळ पाळलेल्या समुद्री टाकीत रात्रीच्या वेळी चुन्याची निवळी थेंबाथेंबाने सोडण्याची पद्धत आज जगभर रूढ आहे. निवळी म्हणजे विरलेल्या चुन्याचे, अर्थात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे, संपृक्त पाणी. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात आणि त्यासाठी लागणारा माल आजूबाजूच्या पाण्यातून उचलतात. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातील बायकार्बोनेट व कार्बोनेटमुळे येणारी आम्ल पेलण्याची क्षमता, केएच या मापात साधारण सात अंश भरते. समुद्राचा साठा अफाट, म्हणून प्रवाळांनी उचललेले जाणवत नाही. काचेच्या टाकीत मात्र अल्कलिनिटी काही दिवसांतच उतरते, आणि भरपाई झाली नाही तर प्रवाळांची वाढ खुंटून ते मरतात. एवढी गोष्ट ध्यानात येऊन तिच्यावर सोपा इलाज रूढ व्हायला सव्वाशे वर्षे गेली.

काचेच्या भांड्यात प्रवाळ जगवण्याचा पहिला ठळक प्रयोग लंडनमध्ये झाला. अ‍ॅना थिन यांनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून मॅड्रेपोर जातीचे प्रवाळ घरी आणले. आरंभी समुद्राचे ताजे पाणी मागवले जाई. ते मिळेनासे झाले तेव्हा जुनेच पाणी हवेशीर ठेवण्याची युक्ती निघाली: घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही. पुढच्या वर्षी थिन यांनी भांड्यात समुद्री वनस्पती घातल्या. प्रवाळ जगले. ही जात थंड पाण्यातली, शैवालाच्या सोबतीवाचून राहणारी आणि सावकाश वाढणारी होती. तिची चुन्याची गरज बेताची, त्यामुळे चुन्याचा प्रश्न उपस्थितच झाला नाही. वनस्पतींनी प्राणवायू पुरवला की भागते, असा समज त्या काळी दृढ झाला. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये गोड्या पाण्यातील मासे, वनस्पती आणि गोगलगाई यांच्या परस्पर समतोलाचा सिद्धांत मांडला, त्याने या समजाला बळ मिळाले.

फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली. तिच्यात चार क्षार होते: साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. कॅल्शियमचे क्षार गॉस यांनी मुद्दाम वगळले. जे काही लागेल ते लंडनच्या गोड्या पाण्यातून येईल, असा त्यांचा हिशेब होता. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांना समुद्री प्राणी पाळण्याची वाट या कृतीने मोकळी केली. मात्र प्रवाळाला सर्वांत जास्त हवा असलेला चुनाच तीत नव्हता.

विसाव्या शतकाच्या मध्याला उष्ण कटिबंधातील समुद्री मासे घरोघरी पाळले जाऊ लागले. टाकीच्या तळाला वाळू आणि तिच्याखाली जाळीचा फिल्टर, अशी तेव्हाची मांडणी असे. वाळूतले जिवाणू माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे नायट्रेट करतात, पण त्या क्रियेत आम्ल तयार होते आणि ते अल्कलिनिटी खाते. शिंपल्यांचा व प्रवाळांचा चुरा वाळूत मिसळला की तो विरघळून तूट भरून काढील, अशी समजूत होती. प्रत्यक्षात पीएच आठच्या आसपास असताना हा चुरा जवळजवळ विरघळतच नाही. मासे तग धरत. प्रवाळ काही आठवड्यांत विरून जात.

या कोंडीतून निघण्याचे दोन धागे एकाच सुमारास हाती आले. जमैकात काम करणाऱ्या थॉमस गोरो यांनी १९५९ मध्ये किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवले, की ऊतींमध्ये शैवाल बाळगणारे प्रवाळ अंधारापेक्षा उजेडात कितीतरी पट वेगाने चुना जमवतात. म्हणजे टाकीवर प्रखर दिवे लावले की वाढ होणार आणि त्याबरोबर चुन्याचा खपही वाढणार. दुसरा धागा इंडोनेशियातला. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत एका अमेरिकी मासिकात मांडली: जिवंत जीवसृष्टीसह उचललेले खडक, समुद्राचे पाणी, ऊन आणि हवेचे मोजके बुडबुडे. पुढे ‘लाइव्ह रॉक’ म्हणून जो प्रकार सर्वत्र पोहोचला त्याचे मूळ हे. समुद्र जवळ असल्याने एंग यांना पाणी बदलणे सोपे होते, आणि प्रत्येक बदलाबरोबर चुनाही आपोआप येत होता. युरोपातल्या शहरांत ती सोय नव्हती.

तिथला उपाय पीटर विल्केन्स यांनी रूढ केला. समुद्री टाकीतील अपृष्ठवंशीय प्राण्यांवरचे त्यांचे जर्मन पुस्तक १९७३ मध्ये निघाले. टाकीतून रोज उडून जाणाऱ्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याऐवजी चुन्याच्या निवळीने करावी, असा आग्रह त्यांनी धरला. कृती अगदी सोपी आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात दीड ते दोन ग्रॅम चुन्याची पूड ढवळून भांडे झाकून ठेवतात. काही तासांत न विरघळलेली पूड तळाशी बसते. वरचे नितळ पाणी हलक्या हाताने नळीने काढून घेतात. भांडे उघडे राहिले तर हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पृष्ठभागावर पांढरी साय धरते आणि निवळीचा कस जातो. बाजारातल्या चुन्याच्या शुद्धतेची खात्री नसते, म्हणून खाद्य किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाची पूडच वापरतात.

निवळीचा पीएच बाराच्या वर असल्याने ती थेंबाथेंबाने सोडावी लागते. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबून टाकीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच उतरतो, म्हणून ती वेळ सोयीची. निवळीतील हायड्रॉक्साइड तो वायू पकडून बायकार्बोनेट व कार्बोनेट बनवते. अशा रीतीने कॅल्शियम आणि अल्कलिनिटी प्रवाळांना लागतात त्याच प्रमाणात मिळतात आणि मागे नको असलेला क्षार उरत नाही. निवळी पडते तिथे थोडा फॉस्फेटही साक्याच्या रूपाने बाहेर पडतो. फॉस्फेट वाढला की सांगाडा बांधण्यात अडथळा येत असल्याने हा दुहेरी फायदा ठरला.

बर्लिनमधील हौशी प्रवाळपालकांनी निवळीला लाइव्ह रॉक, प्रखर दिवे आणि प्रोटीन स्किमर यांची जोड दिली. स्किमर बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर सेंद्रिय मळ कुजण्याआधीच काढून टाकतो. त्यांच्यातील डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टाकीत अ‍ॅक्रोपोरा हा प्रवाळ इतका वाढला की त्याच्या फांद्या छाटून इतरांना वाटल्या गेल्या. अमेरिकेत १९८६ पासून ठिबक फिल्टरची लाट आली. त्याने अमोनिया झटपट संपे, पण नायट्रेट साचत जाई. चार्ल्स डेलबीक आणि जूलियन स्प्रंग यांच्या १९९४ च्या ग्रंथाने बर्लिनची पद्धत इंग्रजी वाचकांपर्यंत सविस्तर पोहोचवली.

निवळीची मर्यादा बाष्पीभवनात आहे. ४०० लिटरच्या टाकीतून रोज चार लिटर पाणी उडत असेल, तर निवळीतून जास्तीत जास्त एक अंश केएचच्या आसपास अल्कलिनिटी आणि लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. प्रवाळांनी भरलेल्या टाकीचा खप याहून जास्त असतो. म्हणून १९९० च्या दशकात आणखी दोन मार्ग निघाले. कॅल्शियम रिअ‍ॅक्टरमध्ये प्रवाळाचा चुरा कार्बन डायऑक्साइडच्या आम्लाने विरघळवतात. ड्युसेलडॉर्फचे रोल्फ हेबिंगहाउस यांनी तो पुढे आणला. हान्स-वेर्नर बॉलिंग यांच्या पद्धतीत कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट वेगवेगळे सोडतात आणि मागे उरणाऱ्या मिठाचा तोल सोडियम क्लोराइडविरहित क्षारमिश्रणाने राखतात.

या इतिहासातूनच आजची निदानाची रीत घडली आहे. प्रवाळ मरू लागले की आधी क्षारता (पाण्यातील मिठाचे प्रमाण) ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावाने तपासलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर पाहतात, कारण ती चुकली तर पुढचे सगळे आकडे चुकतात. मग तापमान, अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट आणि फॉस्फेट या क्रमाने जातात. बुडापासून मांस सुटत असेल तर अल्कलिनिटीच्या चढउताराचा संशय पहिला. फांद्यांची टोके पांढरी पडत असतील, तर पोषक द्रव्ये नगण्य आणि अल्कलिनिटी चढी असण्याची शक्यता जास्त. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही टिकत नसतील तर मॅग्नेशियम कमी पडलेले असते. अल्कलिनिटीचा रोजचा खप एकाएकी घटला, तर प्रवाळांनी बांधकाम थांबवले असे समजतात; रंग उतरण्याच्या आधी ही खूण दिसते. निवळी जास्त पडून पाणी दुधाळ झाले तर ती तात्काळ बंद करून पीएचवर नजर ठेवतात. घाईने रसायने ओतत नाहीत. उतरलेली अल्कलिनिटीही दिवसाला एका अंशापेक्षा जास्त चढवत नाहीत. टेस्ट किटने मोजल्याखेरीज टाकीत काहीही घालू नये, हा या सगळ्या पद्धतींना समान असलेला नियम आहे.