सेलमधली काळी भुकटी

लहानपणी टॉर्चचा संपलेला सेल दगडाने फोडायचो. हात काळे आणि वर आईचा ओरडा! ती भुकटी मँगनीज डायऑक्साइडची, कोळशाची पूड मिसळलेली. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जस्तासमोर हीच भुकटी ठेवली, मधे नवसागराचे पाणी. (आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीचे मँगनीजही सेलच्या कारखान्यांत जाते.)

मी मराठीचा मास्तर. बदली तासाला विज्ञान शिकवताना छातीठोकपणे सांगितले, "हा सेल पुन्हा भरता येत नाही." एका मुलाने विचारले, "गुरुजी, गाडीची बॅटरी मग कशी भरतात?" मी त्याला खाली बसवले.

२०१२ मध्ये चीनमध्ये फेइयू कांग यांच्या गटाने तीच भुकटी आणि तेच जस्त घेतले, फक्त पाण्यात जस्ताचा सौम्य क्षार घातला, आणि बॅटरी पुन्हा पुन्हा भरून दाखवली. पण अडचण उरली. वापरताना मँगनीज थोडे थोडे पाण्यात विरघळते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने पाण्यात आधीच मँगनीजचा क्षार घातला. मिठाच्या पाण्यात नवे मीठ कमी विरघळते ना, तसेच काहीसे. पाच हजार वेळा वापरूनही ९२ टक्के क्षमता टिकली. त्याच वर्षी कॅनडात लिंडा नाझर यांच्या गटाने व्हॅनेडियम ऑक्साइडच्या थरांमध्ये जस्त आणि पाणी आधीच बसवले. टिकाऊपणा आला, पण व्होल्टेज कमी. माझा कल आपला मँगनीजकडेच.

तो मुलगा आता साठीला आला असेल. भेटला तर हे सगळे त्याला सांगायचे आहे.